दक्षिण उतारावरचा प्लॉट

न्यूझीलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या जगदीशरावांना जमिनीतलं सगळं कळतं, असं निदान जगदीशरावांचं तरी ठाम मत होतं. पेशानं फार्मासिस्ट, पण औषधाच्या बाटलीवर लेबल चिकटवता चिकटवता जागा कुठे घ्यावी, कधी विकावी, हे गिऱ्हाइकाला न विचारता सांगून मोकळे होत.

२०२१ साली ऑकलंडात जमिनीचे भाव चढले आणि स्वारीला राहवेना. राहतं घर गहाण टाकून शहराबाहेर टेकडीवर एक प्लॉट घेतला. सहा महिन्यांत विकायचा न् नफा खिशात घालायचा! उतार दक्षिणेचा, म्हणजे ऊन भरपूर. आता बघा, दहा वर्षं इथे राहूनही डोक्यातला सूर्य पुण्याचाच! इथे तो उत्तरेकडे असतो, हे लक्षातच आलं नाही. त्यातून प्लॉट पाहिला जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, तेव्हा सगळीकडेच लख्ख.

जूनमध्ये गेले, तर भरदुपारी गवत ओलंचिंब आणि गारठ्यानं दातावर दात. पुढे भाव कोसळले, व्याज दुपटीवर गेलं. बायको वसुंधरा नर्स. तिनं जादा ड्यूट्या घेतल्या, तरी हप्ते थकलेच. शेवटी बँकेनं बजावलं, ऑगस्टअखेर कर्ज फेडा, नाहीतर घर विका.

नेमका तेव्हाच पुण्याहून नवा आलेला नितीश प्लॉट विकाऊ असल्याचं ऐकून पेढे घेऊन दारात हजर. प्लॉट त्याला हवाच होता, आणि तो देत होता त्या पैशात सगळं कर्ज फिटत होतं. पेढा पुढे करत त्यानं सहज विचारलं, "काका, दक्षिण उतार म्हणजे ऊन भरपूर असेल ना?"

नुसतं 'हो' म्हटलं की घर वाचत होतं.  जगदीशरावांनी हातातला पेढा खोक्यात परत ठेवला.

"नाही रे बाबा. इथे सूर्य उत्तरेला. हिवाळ्यात तिकडे ऊन फिरकतसुद्धा नाही. मी फसलोय, तू फसू नकोस."

नितीश गेल्यावर वसुंधरानं चहा टाकला. "बरं केलंत," ती म्हणाली. "घर काय, भाड्याचंही चालेल."

घर विकलं. सामान हलवायच्या दिवशी सकाळी सातलाच नितीश गाडीला ट्रेलर जोडून दारात उभा होता, आणि जगदीशरावांना त्यानं एक खुर्चीसुद्धा उचलू दिली नाही.