आधी कोण वळणार?

घाटनांदुरात असा एकही माणूस सापडायचा नाही, ज्याचा सर्वनाश आमच्या शेजारच्या मामांनी एकदा तरी जाहीर केलेला नाही. मामा निवृत्त शाळामास्तर. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या छोट्याशा चर्चमध्ये पाळक, म्हणजे पाद्री, येईल तेव्हा येईल, एरवी रविवारचा उपदेश मामांकडेच. पण त्यांचा सगळा जीव बायबलच्या जुन्या करारातल्या, देवाचा कोप लोकांना ऐकवत फिरणाऱ्या संदेष्ट्यांवर. यशया, यिर्मया, होशेय ही मंडळी ते बोलण्यात अशी सहज आणतात, की नवख्या माणसाला वाटावं हे तिघे अंबाजोगाईच्या एखाद्या शाळेत त्यांच्याबरोबर नोकरीला होते. कुणी रस्त्यावर खरकटं पाणी फेकलं की, "बाबेल शहरसुद्धा असंच माजलं हुतं!" चहात साखर कमी पडली की टपरी ओसाड होऊन तिथं घुबडं राहणार. टपरीवाला बिचारा दरवेळी वर पत्र्याकडे बघतो.

बरं, माणूस मनानं अगदी लोणी. समोरच्यानं नुसतं "चुकलं मामा" म्हणायचा अवकाश, सगळे शाप जागच्या जागी रद्द. आमचा दूधवाला हे बरोबर ओळखून आहे. दूध पातळ लागलं की मामा त्याला शोमरोन शहराचा नाश ऐकवतात, तो कान पकडतो, मामांचे डोळे भरून येतात आणि ते उलट अर्धा लिटर जास्तच घेतात. दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा पातळ. मी एकदा म्हणालो, "मामा, हा तुम्हाला बनवतोय." तर माझ्यावरच उखडले. "काल वळला हुता ना त्यो? मग झालं की! देव काय रोज हजेरी घेतो का बे?" नियम मात्र एक, आणि तो पक्का. माणसानं आधी वळायचं, म्हणजे चूक कबूल करून देवाकडे फिरायचं, मग देवाची दया.

ह्या नियमात अडकला त्यांचा एकुलता एक मुलगा. त्यानं चर्चची पेटी न विचारता एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला नेली आणि भाता फाडून परत आणून ठेवली. मामांनी रविवारी भर उपदेशात, सगळ्यांदेखत, नाव घेऊन त्याला देवावर उलटलेलं बंडखोर इस्राएल ठरवलं. पोरगा उठला, चपला घातल्या आणि सरळ लातूर गाठून एका मोबाईलच्या दुकानात कामाला लागला. गाडीनं गेलं तर लातूर ते कितीसं लांब! पण बाप म्हणे, आधी त्यानं चुकलो म्हणावं, आणि पोरगा म्हणे, आधी अण्णांनी. दोघांच्या मध्ये मामी वाळत चालल्या. सणासुदीला केलेलं गोडधोड त्यांच्या घशाखाली उतरत नाही, हे मला शेजारून दिसायचं आणि मामांचा मनस्वी राग यायचा.

शेवटी गेल्या नाताळाच्या आधी मामींनीच भाकरी थापता थापता विचारलं, "तुमच्या त्या पुस्तकात आधी कोण वळतं? माणूस का देव?"

"माणूस! शंभर जागी हाय."

"मग त्यातली एक मला वाचून दाखवा."

झालं! मामा ओट्यावर बायबल घेऊन बसले ते उठेनातच. चहा गार, पेपरची घडी तशीच. दोन-तीन दिवसांनी मी विचारलं, "सापडलं का?" तर चष्मा काढून असे वैतागून बघायला लागले, जसं काही ते पुस्तक मीच लिहिलंय. "वळा, वळा, हे तर पानोपानी हाय रे. पन लोक वळायच्या आधीच ह्यो देव आपला बोलून मोकळा, की मी तुमाला सोडलं न्हाई! कावून इतकी घाई? जरा दम धरावा की! लई रागात सुरुवात करतो, आन् मधीच त्याला आठवतं की ह्या इस्राएलाला मीच बोट धरून चालायला शिकवलं हुतं. मग संपलाच सगळा राग." एवढं बोलले आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात हजर. "चल लातूरला. एकट्याला धीर न्हाई." गाडीत सगळी वाट त्यांचे ओठ हलत होते. मुलाच्या खोलीचं दार वाजवलं. त्यानं उघडलं, बापाला बघितलं आणि कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. अख्खे संदेष्टे तोंडपाठ असलेल्या मामांना तिथं एक वाक्य धड जुळेना.

"माझं चुकलं रे," कसंबसं निघालं. "लोकांत बोलायला नको हुतं."

"अण्णा, माझा राग अजून गेला न्हाई."

"असू दे की. मी बसतो."

आणि खरंच ते उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर मांडी घालून बसले. पोरगा आत गेला. आता दार लागणार, असं मला वाटलं. तर तो एक सतरंजी घेऊन बाहेर आला. "फरशी गार हाय," एवढंच म्हणाला, तेही बापाकडे न बघता. मामांनी सतरंजी अंथरली आणि अर्धी जागा मोकळी ठेवून बसले. मी परतीच्या गाडीसाठी निघालो तेव्हा ती अर्धी सतरंजी रिकामीच होती. मामांना मात्र कसलीच घाई दिसली नाही.