घोट्यापर्यंत समुद्र

अक्का कुणाच्या घरी गेल्या की बसत नसत. पाट मांडा, खुर्ची द्या, त्या आपल्या भिंतीला टेकून उभ्या. आणि उभ्याउभ्याच तुमच्या पुढ्यातली लसणाची वाटी उचलून सोलायला लागत. "थकवा बसल्या मानसाले येतो, मास्तरीनबाई," असं वर मलाच ऐकवत. शाळा करून, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं उरकून मी नुकती कुठे पायरीवर टेकलेली असायचे. त्या वाक्याचा मला भारी राग यायचा.

अक्का मूळच्या असोद्याच्या. यजमान लवकर गेले, एकुलती मुलगी मंगला पहूरला दिलेली, आणि जळगावात आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत त्या एकट्या. गल्लीत कुणाकडे भरिताचा बेत असला की अक्कांना बोलावणं ठरलेलंच. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. एकदा मी वेळ नाही म्हणून गॅसवर भाजली, तर त्यांनी घास तोंडात घेऊन माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे भरीत नाही व माय, हे वांग्याचं दुखनं हाये," म्हणाल्या, आणि तरी ताट पुसून जेवल्या.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात गल्लीतल्या नानांनी सौराष्ट्राची बस काढली. डोंगरावरचं देवदर्शन, मग सिंहाचं जंगल, आणि जंगलाजवळच्या समुद्रकाठच्या गावात शेवटचे दोन मुक्काम. आमच्याकडची यात्रेची बस शेगडी आणि पीठ घेऊनच निघते. तिकडचं गोड वरण आमच्या माणसांच्या घशाखाली उतरत नाही. रांधायला एक बाई न्यायची आणि तिचं भाडं घ्यायचं नाही, ही रीत. नानांनी अक्कांना विचारलं. अक्कांनी उलट एवढंच विचारलं, "समुद्र लागतो का?"

"लागतो म्हणजे काय, मुक्कामच तिथे आहे."

"मंग येते. एकदा पाय बुडवायचे हायेत." सत्तरी आली तरी तापी आणि वाघूर सोडून त्यांनी मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. गुडघे वर्षावर्षाला कुरकुरत होते. यंदा नाही तर मग नाहीच, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. सासूबाईंजवळ नणंद येऊन राहिली म्हणून मी निघाले. खरं सांगायचं तर मी देवासाठी गेले नाही आणि सिंहासाठीही नाही. मी झोपायला गेले.

बसच्या टपावर काड्यांचा भारा, खाली चाळीस माणसं. समुद्रकाठच्या गावी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. धर्मशाळा बाजाराच्या मागे होती, तिथून समुद्र दिसत नसे, नुसता ऐकू येई. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे जंगलात गेले. अक्कांनी त्याआधी उठून पुऱ्यांचे डबे भरून दिले. सिंह दिसला, लांबून, तोही आमच्याइतकाच कंटाळलेला. दुपारून सगळे थेट समुद्रावर. अक्का मागच्या अंगणात वांगी भाजत बसल्या होत्या, कारण नानांनी शेवटच्या रात्री भरीत कबूल केलं होतं. मी समुद्रावरून परतले तर धुराने त्यांचे डोळे लाल.

"अक्का, उद्या बस दहाला आहे. सहाला उठू. मी नेते तुम्हाला," मी म्हणाले.

"तू नेशीन?"

"नेते म्हटलं ना."

मला जाग आली तेव्हा साडेनऊ झाले होते. अंगावर अक्कांचं लुगड्याचं पांघरूण होतं. बाहेर त्या वाटेच्या दशम्या फडक्यात बांधत होत्या.

"उठवलं का नाही मला?"

"उठवाले आली होती. तुले पाह्यलं, अन् उठवावंच वाटलं नाही. किती दिवसाची झोप साचेल होती तुही."

"मग एकट्या जायचं होतं."

"एकटीनं काय पाह्यचं त्याच्यात," असं म्हणून त्यांनी गाठ मारली. परतीचा रस्ता जंगलाच्या अंगाने होता. अक्का भांड्यांजवळ मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी वळून पाहायचं टाळलं.

आठ दिवसांनी गल्लीतल्या, यात्रेला न आलेल्या बाया त्यांच्या दारात जमल्या. कसा असतो समुद्र, अक्का? आणि अक्का सांगायला लागल्या. पाणी खारट, वाळू पायाखालून सरकते, लाट येते ती घोट्याले धरते. पंगतीत वाढताना जे जे कानावर पडलं होतं ते सगळं त्यांनी गोळा करून ठेवलं होतं. "ह्या मास्तरीननं हात धरून नेलं मले," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की नाही, मी नेलं नाही. पुढच्या सुट्टीत न्यायचं असं मनात म्हणत राहिले, आणि त्या सुट्टीत सासूबाई गेल्या, मग परीक्षा आल्या, मग अक्कांचे गुडघे पुरते बसले.

अक्का यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी गेल्या. तेराव्याला मंगलाने मला बाजूला घेतलं.

"बाई, आई सगळ्यांना सांगायची, तुम्ही तिला समुद्र दाखवला. खरंच उतरली होती ती पाण्यात? का आपलं सांगायची?"

"घोट्यापर्यंत," मी म्हणाले. "लाट आली तेव्हा माझा हात घट्ट धरला होता त्यांनी."

मंगलाने डोळे पुसले. मला तिच्यापुढे उभं राहवेना. आत गेले, तर पुऱ्या लाटणारी बाई सकाळपासून एकटीच ओट्याशी उभी होती. तिच्या हातातलं लाटणं मी मागून घेतलं आणि तिला बाहेर जाऊन बस म्हटलं. पाय भरून आले होते. तरी सगळ्या पुऱ्या होईपर्यंत मी बसले नाही.