सहा शब्द आणि काकांचे रविवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोएडात नोकरी लागली तेव्हा दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये साळवे काकांनी मला आठ महिने ठेवून घेतलं. मी त्यांच्या ना नात्याचा, ना गोत्याचा. तरी रोज गरम पोळी — हे कसं विसरेन?

त्याच दिवसांत मी कमांड लाइन, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम सोडणं, शिकत होतो. काय सांगू तो आनंद! काळा पडदा, एक ओळ, एंटर — आणि समोरची फाइल कुलूपबंद! चावी एकच, माझ्या डोक्यातला पासफ्रेज — अनेक शब्दांचा लांब पासवर्ड. आमच्या शाळेत कॉम्प्युटर कायम कव्हराखाली झाकलेला असायचा. तिथला मी, आणि हे मला जमतंय? आजही लिहिताना बोटं शिवशिवतात.

काकांची आई सांगलीहून दर रविवारी फोन करायची. ते बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड व्हायचं. ती गेली, काकांनी फोन बदलला, आणि तिचा आवाज एका पेनड्राइव्हमध्ये तेवढा उरला. त्यात काकांच्या भावांबद्दलची तिची गाऱ्हाणीही होती. काका म्हणाले, "कुणाच्या हाती लागायला नको यार. तुझं ते कुलूप लाव."

मी तर हवेतच! सहा शब्द निवडले, मध्ये मध्ये चिन्हं घातली. काकू म्हणाल्या, "कॅलेंडरवर लिहून ठेव, गॅसच्या नंबरशेजारी."

"काकू, लिहिलं तर ते कुलूप कसलं?"

"अच्छा! मोठा आलाय कुलूपवाला."

सगळे हसलो. मग मूळ फाइली मी अशा पुसल्या की कधीच परत येऊ नयेत — तीही एकच कमांड, काय ऐट! त्याआधी कुलूप एकदा उघडून पाहिलं का? नाही. कुणी पाहतं का इतक्या आनंदात? — मी पाहायला हवं होतं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी काकांनी तो आवाज मागितला. मी शब्द टाइप केले. उघडेना. शब्द आठवत होते — पण क्रम? चिन्हं? काका शेजारी खुर्ची ओढून बसलेले. आणि मी — मी म्हणालो, "काका, तुम्ही पेनड्राइव्ह तसाच ओढून काढलात ना? त्यानंच खराब झालाय."

त्यांनी तसं काही केलं नव्हतं. काढला होता तो मी, नीट. पण ते बराच वेळ आठवत राहिले.

"हां... काढला असेन मी."

मी पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. या गोष्टीला सहा वर्षं झाली. ती बंद फाइल माझ्याकडेच आहे. अजून नवनवे क्रम टाकून बघतो, आणि — सांगायला लाज वाटते — एंटर दाबताना छाती तशीच धडधडते, पहिल्या दिवसासारखी. आता उघडेल! उघडत नाही.

काका आता कुठल्याच यंत्राला हात लावत नाहीत. नातीचे फोटो टीव्हीवर बघायचे असले की पेनड्राइव्ह माझ्या हातात देतात आणि दोन पावलं मागे सरतात. "तूच लाव बाबा. माझ्या हातून आईचा आवाज गेला."

मी लावतो.