द्राक्षासव आणि फुंकायचं मशीन

दारूच्या थेंबाला मी आयुष्यात शिवलो नाही. देवाशपथ सांगतो. पण त्या मशीनपुढे देवाच्या शपथेला कोण विचारतो!

राज्याचे दोन तुकडे होऊन छत्तीसगड वेगळं निघालं, त्याच सुमारास ग्वाल्हेरच्या आमच्या मालकाने आपल्या बसगाड्या एका मोठ्या कंपनीत मिसळून टाकल्या. रूट एक आणि ड्रायव्हर दोन-दोन, अशी गत झाली. निम्मे घरी बसणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. आमचे पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, त्याचा रुबाब घरात पुष्कळ, पण रुबाबाने चूल पेटत नाही. मला स्टिअरिंगखेरीज काही येत नव्हतं.

नव्या मॅनेजरने श्वास तपासायचं मशीन आणलं. ते दाखवायला आलेल्या माणसाने नीट समजावलं होतं. श्वासातल्या दारूपासून आत इवलीशी वीज तयार होते, त्या विजेवरून आकडा उमटतो. छातीच्या तळातली हवा हवी, म्हणून मशीनची शीळ थांबेपर्यंत दम न तोडता फुंकायचं. तोंडातला ताजा अंश मात्र मशीनला फसवतो, त्यामुळे काही प्यायलं असेल तर गुळण्या करून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. आम्ही सगळे खिदळत होतो. मॅनेजरही मोबाइलवर बोलत होता.

माझी पाळी आली ती ऐन थंडीत, छाती भरलेली असताना. फुंकायला गेलो की खोकल्याची उबळ. शीळ मध्येच तुटायची. मॅनेजर वैतागून म्हणाला, "बहाने मत बनाइए. कल सुबह आख़िरी मौक़ा है, नहीं तो घर बैठिए."

दुसऱ्या दिवशी बायको टेम्पोतून माझ्याबरोबर आली. डेपोच्या फाटकाशी तिने पिशवीतून द्राक्षासवाची, म्हणजे द्राक्षं आंबवून केलेल्या आयुर्वेदिक औषधाची, बाटली काढली. थंडीत प्रवासाला निघणाऱ्याला दोन चमचे द्राक्षासव पाजायचं, ही आमच्या घरची रीत. माझ्या आईने तिला घालून दिलेली.

"घ्या हो, छाती मोकळी होईल. मग दमदार फुंकाल."

मी दोनाचे चार चमचे घेतले आणि तडक जाऊन फुंकलं. फुंक अशी लांबलचक लागली की माझा मीच खूश झालो. मशीन किंचाळलं.

"सुबह-सुबह?" मॅनेजर म्हणाला.

मी द्राक्षासवाचं सांगितलं, थांबायचा नियम सांगितला. "साहब, कुल्ला करके फिर फूँकने दीजिए."

"सब दवाई ही पीते हैं. मशीन झूठ नहीं बोलती."

माझी जीभ तिखट. एरवी दोन सुनावल्या असत्या. त्या दिवशी मी हात जोडले. पाय धरायचेही बाकी ठेवले नसते. घरी दोन मुली शिकत होत्या, आणि डोळ्यांपुढे नुसता अंधार होता.

एवढ्यात बायको आत आली. परक्या पुरुषाशी कधी मान वर करून न बोललेली ही बाई. "भैयाजी, इनको मैंने पिलाया," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर चार चमचे स्वतः प्याली. "नई नली लगाओ." तिने फुंकलं. मशीन तसंच किंचाळलं. मागे ड्रायव्हर फिदीफिदी हसले, एकाने शिट्टी मारली.

"अब बोलो, मैं दारूबाज हूँ क्या?"

मॅनेजरने घड्याळात बघून बाकाकडे बोट दाखवलं. तिने नळावर खळखळून चुळा भरल्या, मीही भरल्या, आणि आम्ही दोघं वीस मिनिटं बाकावर बसून राहिलो. ती पदर डोक्यावर ओढून खाली बघत होती. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. मग तिने फुंकलं: शून्य. माझ्या घशाशी खोकला आला होता. तो तसाच दाबून, डोळ्यांतून पाणी काढत मी शीळ संपेपर्यंत फुंकलं. शून्य.

"जाइए, गाड़ी लगाइए."

नोकरी राहिली. पण माझी बस परत यायच्या आत बातमी आमच्या मराठी वस्तीत, नया बाज़ारात पोचली होती, आणि आमच्या लोकांना राईचा पर्वत करायला वेळ लागत नाही. अमक्याची बायको डेपोत ड्रायव्हरांसमोर पिते म्हणे! कुणी तोंडावर विचारलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं. कुणी विचारलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात संक्रांत. तिने दरवर्षीसारखं हळदीकुंकवाचं बोलावणं केलं, वाणाच्या वाट्या सुपात मांडल्या, काळी साडी नेसून दाराशी बसली. दिवेलागण झाली. शेजारीणसुद्धा फिरकली नाही.

मला बघवेना. मी तिच्यापुढे पाटावर जाऊन बसलो. म्हटलं, "मला दे वाण."

"पुरुषांना देत नसतात हो," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.