तेरवीचे प्रवचन
संत्रे सोलताना उठणाऱ्या गंधाने वरूडजवळच्या एका बागायतदाराच्या पत्नीची तेरवी आठवते. त्या दिवशी प्रवचनासाठी मला पाचारण केले होते. बगीच्यातल्या मंडपात मी आत्म्याचे अमरत्व संस्कृत वचनांसह, चढ्या स्वरात प्रतिपादिले. श्रोते माना डोलावीत होते. अखेरीस तो वृद्ध बागायतदार पाया पडून हळूच म्हणाला, "महाराज, आत्मा अमर हाय, मानतो मी. पन संध्याकायी घरी आलो का आवाज कोनाले देऊ, थे सांगा." मी त्यास आणखी एक श्लोक ऐकवला. त्याने हात जोडले आणि तो एकटाच झाडांमधून निघून गेला. माझी पत्नी निवर्तल्यापासून मी तेरवीस प्रवचन करीत नाही. ज्याचे माणूस गेले, त्याच्याशेजारी नुसता बसतो.