मोघ्यांना ओरडायला लावणारी प्रेमला

प्रेमला झांबरेने जत्रेत मोघ्यांच्या थालीपिठाच्या पिठात मटणाचा रस्सा ओतला, ही बातमी खराडीत आजही फिरते. सांगणारा बदलला की भांडं मोठं होतं. सुरुवातीला पळी होती, मग तांब्या झाला, परवा सलूनमध्ये ऐकलं तेव्हा बादली होती. "म्या सोत्ता बघितलं," म्हणून छाती ठोकणारा तर त्या दिवशी सासुरवाडीला होता.

तेव्हा आधी हे साफ करून टाकू. प्रेमलाने त्या पिठाला बोटसुद्धा लावलं नाही. तिने मोघ्यांना जत्रेतली सगळ्यात चांगली जागा मिळवून दिली, बस. आणि रस्सा ओतण्यापेक्षा ते कितीतरी वाईट होतं.

प्रेमलाची आई सोजरबाई आठवडी बाजारात भाजी विकायची. मेथीची जुडी वर धरून तिने हाक मारली की दोन ओळी पलीकडचं गिऱ्हाईक वळायचं. पुढे झांबऱ्यांच्या शेतात काचेच्या इमारती उगवल्या, भाजी थांबली आणि प्रेमला शहरातल्या एका कॉलेजात मार्केटिंगचं एमबीए करायला गेली. पहिल्याच आठवड्यात ती घरी येऊन आईला म्हणाली, "मार्केटिंगची चार अंगं असतात. वस्तू, किंमत, जागा, जाहिरात."

सोजरबाई लसूण सोलता सोलता म्हणाली, "आन् घसा? त्यो न्हाई शिकवत व्हय?"

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एखाद्या पुणेरी उत्पादनाची विक्री-योजना मांडायची होती. प्रेमलाने घेतली मोघ्यांची थालीपीठ भाजणी. नारायण पेठेतलं दुकान, नाव मोठं, पण गिऱ्हाईक सगळं पिकल्या केसांचं. परीक्षक म्हणून खुद्द श्रीनिवास मोघे आले होते. पांढरा सदरा, कडक इस्त्री, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एक लांबलचक "अहो". त्या "अहो"तच समोरच्याचा निम्मा पाणउतारा होऊन जायचा.

प्रेमलाची योजना सोपी होती. भाजणी जत्रेत न्यायची. पहिला दिवस गोड नैवेद्याचा. घरोघर पुरणपोळी, संध्याकाळपर्यंत पाहुण्यांची तोंडं गोडमिट्ट होतात, पालखी निघायला वेळ असतो आणि तिखट काहीतरी हवं असतं. तव्यावरचं थालीपीठ चाखायला द्यायचं आणि हाक मारायची. कशी मारायची ते तिने वर्गात करून दाखवलं. सोजरबाईची हाक, जशीच्या तशी, पोटातून.

वर्ग खो खो हसला. मोघ्यांनी एक कान हाताने झाकला.

"अहोऽऽ... आपण कुठल्या म्हणालात? खराडी? वा. अहो, ओरडून भाजी विकतात. ब्रँड ओरडत नाही. आणि तुमच्याकडे जमिनी विकायची सवय आहे, तिला मार्केटिंग म्हणत नाहीत."

पुन्हा हशा. प्रेमला खाली बसली. त्या रात्री ती जेवली नाही. सोजरबाईने काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाली, "त्या माणसाला मी ओरडायला लावणार. आपल्या जत्रेत, आपल्या भैरवनाथासमोर."

"आन् त्यो वरडल्यावर?"

"मग जेवीन."

सकाळी भाकरी खाल्ली म्हणा, पण बोललेलं विसरली नाही.

एमबीएनंतर वर्गातली मुलं पांगली. कुणी बँकेत जाऊन क्रेडिट कार्डं गळ्यात मारू लागलं, कुणी जाहिरात कंपनीत एका शब्दावर तीन मीटिंगा करू लागलं, कुणी दिवसभर मोबाइलवर लाइक मोजू लागलं. सगळ्यांना एसी मिळाला. प्रेमलाने बिस्किटांच्या कंपनीत फिरतीची नोकरी धरली. विश्रांतवाडीपासून वाघोलीपर्यंत स्कूटरवर, दुकानादुकानात. "काका, आमचा पुडा मागे का सारला? बायकोशी भांडलात का?" असं विचारत ती पुडा स्वतः पुढे आणून ठेवायची. कुठल्या सोसायटीतल्या बायका पीठ विकत आणतात आणि कुठल्या दळून आणतात, हे तिला पाठ झालं. तिच्या डोक्यात बिस्किटं कमी आणि भाजणीच जास्त असायची.

आणि एक दिवस जत्रा कमिटीचे गेनबा नाना, म्हणजे तिचे चुलते, घरी आले.

"पोरी, त्यो तुझा मोघे हाय ना, त्याचा फोन आल्ता. जत्रंत थालीपिठाचा ठेला लावायचाय म्हन्तो. त्यालाच सुचलंय म्हनं."

प्रेमलाने चहाचा कप खाली ठेवला. हिणवता हिणवता मोघ्यांनी तिची योजना ऐकली होती तर! ऐकली आणि खिशात घातली.

"कुठला दिवस मागितला?"

"दुसरा. ऐतवार हाय, गर्दी जास्ती असती म्हन्तो."

प्रेमला हळूहळू हसायला लागली. मोघ्यांना जत्रा लक्षात राहिली होती, पण दिवस वर्गाच्या हशात वाहून गेला होता. दुसरा दिवस म्हणजे खारा नैवेद्य. कुस्त्या आणि मटण. त्या दिवशी खराडीत माणूस शाकाहाराकडे बघतसुद्धा नाही.

"सांगू का त्येला?" नानांनी विचारलं.

"नको नाना. पाहुण्याने मागितलं ते द्यावं. आणि जागा चांगली द्या. आखाड्याच्या वाटेवर, मोठ्या चुलीशेजारी."

रविवारी मोघे इस्त्रीच्या सदऱ्यात उभे राहिले. डावीकडे हंडे रटरटत होते, समोरून गर्दीचा लोंढा चालला होता, सगळ्यांची नाकं डावीकडे. मोघे हात बांधून वाट बघत होते. ब्रँड ओरडत नाही. एक म्हातारा थांबला, मोघ्यांचा चेहरा खुलला. म्हातारा म्हणाला, "ह्यासंगं रस्सा किती देता?"

प्रेमला पलीकडे देवळाच्या पायरीवर बसून सगळं बघत होती. दुपारी मोघ्यांनी भाजणीची पोती तशीच टेम्पोत चढवली. बादलीची गोष्ट ह्या रश्श्यातूनच जन्मली, दुसरं काही नाही.

पण प्रेमलाचं पोट भरलं नव्हतं. मोघे पडले होते, ओरडले नव्हते.

जत्रा कमिटीत प्रेमलाचं कोण बसतं, हे मोघ्यांना पुढे कुणीतरी सांगितलं. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "अहो... प्रेमलाताई. आपल्याला दिवस माहीत होता ना?"

"मी वर्गात सांगितला होता, सर. तुम्ही कान झाकला होतात."

मोघ्यांनी त्यावर एकच विचारलं, "आमच्याकडे मार्केटिंग मॅनेजर म्हणून याल का?"

गल्लीत सगळ्यांना वाटलं, ती फोनवरच त्यांना झाडणार. ती म्हणाली, "येते. एक अट आहे. पुढच्या जत्रेला पहिल्या दिवशी तव्यामागे मालक स्वतः उभे राहणार." ओरडण्याचं नावही काढलं नाही.

प्रेमलाच्याच गल्लीत राहणाऱ्या आणि तिच्याकडून ऐकून ऐकून मोघ्यांचं "अहो" घोटून बसवलेल्या प्रस्तुत लेखकाने तेव्हा तिच्याशी पैज लावली. तो माणूस करपून जाईल, पण ओरडणार नाही. ओरडलाच, तर त्याची नक्कल त्याच्याच तोंडावर, गर्दीत करून दाखवीन.

जत्रेची पहिली संध्याकाळ. पुरणपोळीने सुस्तावलेले पाहुणे, ढोलांचा दणदणाट, तव्यावर थालीपिठं. मोघे उभे. प्रेमला शेजारी हाताची घडी घालून गप्प. लोक पुढून जात होते. पहिलं थालीपीठ कडेने काळं पडायला लागलं.

"अहो, कुणीतरी हाक मारा," मोघे पुटपुटले.

"मारा की."

"मी?"

"भाजणी तुमची आहे."

थालीपीठ करपत होतं. वडिलांपासून चालत आलेली भाजणी भैरवनाथासमोर कोळसा व्हायला निघाली होती. मोघ्यांनी घसा खाकरला. "अहो... आपण... थालीपीठ घेणार का?" बँकेत सही कुठे करायची विचारावं तसं. ढोलात ते कुठे गेलं कळलंही नाही. दुसऱ्यांदा थोडं मोठ्याने. आणि मग इस्त्रीचा सदरा बेंबीपासून हलला:

"अहो पाहुणेऽऽ! गरम आहेऽऽ! तिखट आहेऽऽ! याऽऽ!"

ओरडण्यातही ण अगदी स्वच्छ. गर्दी वळली, थांबली, हात पुढे आले.

प्रेमला त्यांच्या कानाशी वाकली. "सर, ब्रँड ओरडत नाही."

"टोमणे नंतर मारा. आधी ते उलटा, करपतंय!"

तिने उलटलं. मग तिथेच, तव्याशेजारी उभं राहून, दोन थालीपिठं पोटभर खाल्ली. सोजरबाई लांबून बघत होती. "जेवली गं बाई एकदाची," एवढंच म्हणाली.

आणि मग प्रेमलाने गर्दीकडे बोट केलं. प्रस्तुत लेखकाला पुढे यावं लागलं, आणि मोघ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, "अहो"पासून "या"पर्यंत सगळं करून दाखवावं लागलं. मोघ्यांनी हातातलं उलथनं न हलवता ऐकून घेतलं.

"बरं आहे," ते म्हणाले. "पण माझा घसा बसलाय. पालखी निघेपर्यंत आता तूच ओरड."