ताईचं निळं पाखरू

ऑफिसात सगळे त्याला तराजू म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. कंपनी एनएफटीची, म्हणजे फोनवर बघायच्या चित्रांची मालकी टोकनाच्या रूपात विकणारी. ती टोकनं पहिल्यांदा कुणाला आणि कशी द्यायची, याचे नियम बसवणं हे तराजूचं काम. या धंद्यात ओळखीपाळखीचे लोक आधीच मलई खाऊन जातात आणि बाकीचे हात चोळत बसतात. तराजूने तसं कधी होऊ दिलं नाही. मालकाच्या मेहुण्यालाही त्याने सोडतीत उभं केलं होतं आणि मेहुण्याला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. हा किस्सा तो जरा जास्तच वेळा सांगायचा.

हे वेड घरातलंच. आईवडील लवकर गेले, थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं. ताई कपबश्यांच्या कारखान्यात कपांवर चित्रं रंगवायची. घरात सफरचंद आलं की नियम ठरलेला: ताईने कापायचं, त्याने आधी उचलायचं, म्हणजे कापणाऱ्याला लबाडी करायला वावच नको. ब्रश धरताना तसूभर न हलणारा ताईचा हात सफरचंद मात्र कायम वाकडं कापायचा. त्यामागचं कारण या हुशार माणसाच्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आता तराजूच्याच कंपनीने तिथली जुनी चित्रं टोकनांसाठी घेतली. त्याने भांडून एक नियम घालून घेतला: जिने चित्र काढलं, तिचं टोकन आधी तिला, तेही फुकट. तिने फक्त फोनवरून नाव नोंदवायचं. नोंद झाली नाही, तर ते टोकन सोडतीत जाणार. टोकन पुढे कुणाकडेही गेलं, तरी पहिल्या मालकाचं नाव त्यावर कायम राहतं. कपाच्या तळाला कारखान्याचा शिक्का असायचा. रंगवणारीचं नाव कुठेच नसायचं.

"म्हणजे माझ्या निळ्या पाखराखाली माझं नाव येणार?" ताईने दोनदा विचारलं.

"येणार. पण नोंदणी तुझी तू कर. मला त्यातलं अक्षरही विचारू नकोस. उद्या कुणी म्हणायला नको, बहिणीला आतून मदत केली."

"नाही विचारत रे बाबा. तुझ्या नावाला बट्टा नको."

तिने खरंच विचारलं नाही. बारीक कामाने नजर अधू झालेली, म्हणून भिंग घेऊन बसली. कारखान्यातल्या चार मैत्रिणींकडे धड फोनच नव्हता. तिने चौघींना स्वयंपाकघरात बोलावलं, चहा केला आणि आपल्याच फोनवरून पाचही जणींची नावं नोंदवली. आपलं नाव सगळ्यात शेवटी.

आणि तिथेच घात झाला. मागे एका भामट्याने एकाच फोनवरून खोट्या नावांची रांग लावून अख्खं वाटप लुटलं होतं. तेव्हापासून तराजूचा नियम होता: एका फोनवरून एकाहून जास्त नावं आली की सगळीच बाद. वाटपाला कुलूप लागलं की ते कुणालाच बदलता येऊ नये, त्यालासुद्धा नाही, हीही त्याचीच सोय. त्याचा त्याला भारी अभिमान होता.

सोडत झाल्यावर तो हौसेने पाखरू बघायला गेला. खाली नाव होतं 'बोकोबा'. कोण कुठला बोकोबा! ताई विसरली की काय, म्हणून त्याने बाद नोंदी उघडल्या. पाच नावं, एक फोन. तो नंबर त्याला पाठ होता.

"अरे, काहीतरी मार्ग काढ," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली.

"मार्ग मीच बुजवलाय," तो म्हणाला, आणि तसाच उठून ताईकडे गेला.

ताई भिंग लावून फोन वाचत होती. 'लबाडीच्या संशयावरून आपली नोंद रद्द करण्यात आली आहे.' हे वाक्य त्यानेच लिहिलं होतं. जरा सौम्य लिही, असं मालक म्हणाला होता. याने ऐकलं नव्हतं.

"बाळ्या, आमच्या हातून काहीतरी लबाडी झाली बघ."

"ताई, नियम माझा चुकला. पाच बायकांत एकच फोन असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"उगीच माझी समजूत घालू नकोस. लहानपणापासून बघतेय तुला. वाटणीत तू कधी चुकला नाहीस."

त्याला रडू आवरेना. "तू जन्मात एकच लबाडी केलीस, ताई. सफरचंद कापताना."

"ती कळली होती होय तुला?" ती हसली, आणि हसता हसता तिनेही डोळे पुसले. मग चपला शोधू लागली.

"कुठे निघालीस?"

"चौघींना सांगून येते, चूक माझी झाली म्हणून. तुझ्या कंपनीने फसवलं, असं त्यांना वाटायला नको."

"थांब, मी येतो. मीच सांगतो."

"नको. त्या तुला काही बोलल्या, तर मला ऐकवणार नाही."

तिने दार ओढून घेतलं. कठडा चाचपत ती एकेक पायरी उतरत होती, आणि तो आत बसून तिची पावलं ऐकत होता.